अंदाज म्हणजे निकाल नव्हे



स्तनाचा कर्करोग हा एकच एक आजार नाही. एकीची गाठ वर्षानुवर्षं सावकाश वाढते, तर दुसरीचा आजार थोड्याच काळात काखेत, फुप्फुसात, हाडांत पोहोचतो. असं का, याचा शोध घेताना संशोधकांच्या हाती एक धागा लागला, तो केमोकाइन ग्राहींचा.

केमोकाइन म्हणजे शरीरातले रासायनिक निरोप. जखम झाली की ते पांढऱ्या पेशींना तिकडे बोलावून घेतात. निरोप ओळखणारे ग्राही पेशींच्या पृष्ठभागावर असतात. २००१ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं, की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-७ हे ग्राही भरपूर असतात. त्यांना बोलावणारे निरोप लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा इथेच जास्त. म्हणजे कर्करोगाच्या पेशी शरीराचीच वाट वापरतात. पुढे अनेक अभ्यासांत सीएक्ससीआर-४ चं जादा प्रमाण आणि आजाराची वाईट वाटचाल यांचा संबंध आढळला. ही तपासणी अजून संशोधनातच आहे, रोजच्या उपचारात नाही.

मग संपादकीयात हा विषय कशाला? कारण 'पुढे काय होईल' हे सांगणाऱ्या तपासण्या वाढत जाणार, आणि ते उत्तर आधी कुणाला कळणार हा आपला प्रश्न आहे. रुग्णालयात समाजकार्य करताना मी पाहते, डॉक्टर नवऱ्याला किंवा भावाला बाहेर बोलावून सांगतात. बाईपुढे येतो तो फक्त सहीचा कागद. 'आजार जहाल आहे' हे शब्द घरी पोहोचले की हिशेब सुरू होतो, "आता खर्च करून काय उपयोग?" पुरुषाच्या आजारात हा प्रश्न इतक्या लवकर निघत नाही.

खूण धोका दाखवते, निकाल देत नाही. ती शेकडो स्त्रियांच्या अनुभवाची सरासरी असते. समोरची बाई किती जगेल, हे त्यातून कुणालाच सांगता येत नाही. उलट, धोका जास्त म्हणून उपचार नेटाने करायचे असतात. ज्या कर्करोगात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही ग्राही नसतात, तो 'ट्रिपल निगेटिव्ह' आजार तरुण वयात अधिक आढळतो आणि त्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशा ७०० हून अधिक स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये मांडला. शस्त्रक्रियेआधीच्या केमोथेरपीत कार्बोप्लॅटिन हे जुनं, स्वस्त औषध जोडल्यावर पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांचं जगण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. 'काय उपयोग?' याला हे उत्तर आहे.

म्हणून प्रत्येक गटाने एवढं करावं. गाठीचा तुकडा तपासला की या तिन्ही ग्राहींचा रिपोर्ट मागावा, तो बाईच्या हातात यावा आणि तिला तिच्या भाषेत समजावून द्यावा. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिची गाठ संशोधनासाठी ठेवणार असतील, तर आधी तिची समजून-उमजून संमती घ्यावी. आणि डॉक्टरांच्या खोलीत तिच्या सोबत एक मैत्रीण असावी.

शरीर तिचं आहे. त्याबद्दलची पहिली बातमीही तिलाच कळली पाहिजे.