तीन दिवस दुकान बंद : नफ्या-तोट्याचा खरा हिशेब

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील दुकानदाराला समुद्र किती लांब? मांडवीचा किनारा पायी गाठता येईल एवढा. तरीही आपल्यात असे कितीतरी व्यापारी बंधू आहेत की ज्यांनी गेल्या पाच वर्षांत पत्नीला घेऊन त्या वाळूत अर्धा ताससुद्धा घालवलेला नाही. मुंबई-पुण्याचे पाहुणे आमच्या दुकानातून चपला, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन किनाऱ्यावर जातात आणि आम्ही त्यांचे सुटे पैसे मोजत बसतो. रत्नागिरीचा दुकानदार असा, तर इचलकरंजीचा यंत्रमागवाला आणि मिरजेचा सतार बनवणारा कारागीर यांच्याबद्दल काय बोलावे!

सुटी हे श्रीमंतांचे चोचले आहेत, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे आणि धंद्याच्या दृष्टीनेही तोट्याची आहे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

माझ्या ओळखीचे एक शिंपी आहेत. तीस वर्षे त्यांनी एकाच मशीनवर काम केले. काज-बटण, हातशिलाई आणि इस्त्री हे सारे त्यांच्या पत्नीने घरात बसून केले. तिचा पगार कुठल्याही वहीत लिहिला गेला नाही. दर वर्षी ईद झाली की ते तिला म्हणत, "लग्नसराई आटोपू दे, मग दोघे चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ." लग्नसराई आटोपे, तेवढ्यात शाळेचे गणवेश येत. गणवेश संपले की पाऊस, पावसानंतर दिवाळी. आता मुले कमावती झाली आहेत, हातात पैसा आहे, वेळही आहे. गेल्या वर्षी ते पत्नीला भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. सांध्यांच्या दुखण्यामुळे तिला वाळूत चार पावले टाकता आली नाहीत. ती रिक्षातच बसून समुद्र पाहत राहिली. ते मला म्हणाले, "आता सगळे आहे, फक्त तिचे गुडघे नाहीत." हे ऐकल्यापासून मी 'पुढच्या वर्षी' हा शब्द जपून वापरतो.

मालकाला सुटी कोण देणार?

नोकरदाराला सुटी कायदा देतो. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवण्याची सक्ती होती. निदान त्या निमित्ताने मालकही घरी असे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. कामगाराची साप्ताहिक सुटी मात्र कायम राहिली. हा कायदा ज्यांना लागू आहे, त्या दुकानांतील कामगाराने वर्षात २४० दिवस काम केले तर त्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. शिवाय आठ दिवसांची किरकोळ रजा असतेच.

मालकासाठी असे कलम नाही. घरी बसून जरी काढणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, काज-बटण करणाऱ्या मालकिणीसाठी तर कुठेच काही नाही. आपण स्वतःच स्वतःचे मालक आहोत, तर आपली रजा आपणच मंजूर केली पाहिजे. ती मंजूर करण्याची पद्धत सोपी आहे. वर्षाच्या सुरुवातीला मालाची खरेदी, भाडे, वीज बिल, कर यांचा अंदाज आपण बांधतो. त्याच पानावर 'तीन दिवस, दोघांचा प्रवास' अशी एक ओळ लिहायची.

किती नुकसान होते?

दुकान बंद म्हटले की आपला व्यापारी पटकन म्हणतो, "रोजचा सहा हजारांचा गल्ला आहे. तीन दिवसांत अठरा हजार गेले!" हा हिशेब चुकीचा आहे. विक्री म्हणजे नफा नव्हे. समजा, सहा हजारांच्या विक्रीवर शेकडा पंधरा नफा सुटतो, तर दिवसाला नऊशे रुपये झाले. तीन दिवसांचे सत्तावीसशे. त्यातही जुने गिऱ्हाईक कापड किंवा भांडे घ्यायला चौथ्या दिवशी येतेच. निम्मे जरी परत आले, तरी खरे नुकसान साडेतेराशेच्या घरात राहते. माल कपाटात तसाच आहे. दूध, भाजी, फळे अशा नाशवंत मालाच्या व्यापाऱ्याने मात्र आधीच खरेदी कमी करावी. कारागिराचे काम तर बहुधा बुडत नाही, पुढे सरकते. त्याने तारीख देताना ते तीन दिवस वगळून द्यावी म्हणजे झाले.

आता प्रवासाचा खर्च. रोज गल्ला मिटवताना तीस रुपये वेगळ्या डब्यात टाकले, तर तीनशे दिवसांत नऊ हजार होतात. या रकमेचे पाच भाग करावेत : प्रवासभाडे, खोली, जेवण, स्थानिक रिक्षा आणि पाचवा भाग अडीअडचणीसाठी. डब्यात जेवढे असेल तेवढ्यातच सफर बसवावी. कर्ज काढून, हप्त्यावर किंवा व्याजाच्या पैशाने विश्रांती विकत घेणाऱ्याला किनाऱ्यावरही झोप येणार नाही.

दुकानावर आठ दिवस आधी पाटी लावावी. "दुकान बंद राहील" एवढेच लिहू नये, कोणत्या तारखेला उघडेल तेही लिहावे. आणि त्या तारखेला सकाळी वेळेवर उघडावे. गिऱ्हाईक बंद दुकानावर रागावत नाही, अनिश्चित दुकानावर रागावते.

केव्हा जावे?

कोकणच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. त्यातही दिवाळीची सुटी, नाताळ ते १ जानेवारीचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्या टाळाव्यात. या दिवसांत खोल्यांचे दर चढतात आणि किनाऱ्यावर जत्रा भरते. नोकरदाराला शनिवार-रविवारच जमतो. आपल्याला सोमवार ते बुधवार जाता येते. स्वतःच्या धंद्याचा हा एक फायदा आहे, तो आपण घेत नाही. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. त्यामुळे कापड, शिलाई आणि चपलांच्या व्यापाऱ्यांनी मागच्या वर्षीची तारीख डोळे मिटून पुन्हा धरू नये. गर्दीचे दिवस बघून दर वर्षी नवीन तारीख ठरवावी.

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांना २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेमुळे रत्नागिरी सोपे झाले आहे. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, तेव्हा तारीख ठरताच तिकीट काढावे. कोल्हापूर, मिरज, इचलकरंजीच्या बांधवांना आंबा घाट उतरून यावे लागते. कोल्हापूरहून अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे.

कमी पाहा, जास्त बसा

आपली माणसे फिरायला निघाली की वीस जण एका गाडीत. बरोबर स्टोव्ह, पातेली आणि तांदळाची पिशवी. किनाऱ्यावर पुरुष गप्पा मारतात, मुले खेळतात आणि बायका चुलीशी. संध्याकाळी घरी आल्यावर भांडी घासायचीही त्यांनीच. कुटुंबाची सहल जरूर करावी, पण तिला पत्नीची विश्रांती म्हणू नये. या तीन दिवसांची एकच अट ठेवा : तिने चूल पेटवायची नाही. मुलांना आजीकडे किंवा मावशीकडे ठेवा. लाज वाटण्याचे कारण नाही. सफरीत असताना पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. आपण तर नुसते शेजारी चालायचे आहे!

तीन दिवसांत दहा ठिकाणे पाहण्याचा हट्ट नको. पहिल्या दिवशी संध्याकाळी मांडवीची काळी वाळू आणि जेटी. सूर्य पाण्यात उतरला की मगरिबची वेळ होतेच, म्हणून पिशवीत जानमाज ठेवावी. दुसरा दिवस पूर्ण भाट्याला द्यावा. खाडीचा पूल ओलांडला की लांबलचक किनारा आणि सुरूचे बन लागते. तेथे काहीही करू नये, हेच काम. तिसऱ्या दिवशी रिक्षा करून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याने आरे-वारेपर्यंत जावे. चढावरून खाली दिसणारा समुद्र जन्मभर लक्षात राहतो. मासळी ताजी मिळते. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे कालवण पोटभर खावे. बाहेरचे मांस खाण्याविषयी ज्यांना शंका असते, त्यांची अडचणही मासळीने सुटते.

वेळ उरला तर थिबा पॅलेस पाहावा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी राणी सुपयालतसह रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याला गाव सोडण्याची परवानगी नव्हती. आपल्याला आहे, आणि तरीही आपण गल्ल्यामागेच कैदेत बसलो आहोत.

चांदाची तारीख आणि भरती

समुद्राशी मस्ती करू नये. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. इतर वेळीही आरे-वारे आणि गणपतीपुळे येथे ओढ जबर असते, माणसे बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. स्थानिक माणूस 'नको' म्हणाला तर ऐकावे. ओहोटीत गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नये.

ज्याला चांदाची तारीख माहीत आहे, त्याला भरतीचा अंदाज आपोआप येतो. चांद चौदा-पंधरा आणि महिन्याच्या अखेरीस उधाण असते. त्या दिवसांत भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी ओहोटीने किनारा रुंद होतो. चांद सात-आठ आणि एकवीस-बावीसच्या सुमारास भांगाची भरती असते. ती कमी जोराची, साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. संध्याकाळी मोकळ्या वाळूत दोघांनी लांबवर चालायचे असेल, तर चौदा-पंधरा चांदाचे दिवस निवडावेत. वर चांदणेही मिळते.

खोली ठरवताना दोघांची ओळखपत्रे बरोबर ठेवावीत. भाडे, गरम पाणी आणि जेवणाची सोय फोनवर आधीच विचारून घ्यावी. पडदानशीन भगिनींना किनाऱ्यावर सकाळी लवकर निवांतपणा मिळतो. फजरनंतरचा एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

किनाऱ्यावरच्या बांधवांना

शेवटी दोन शब्द किनाऱ्यावर घर असलेल्यांसाठी. आपली कितीतरी मोठी घरे मुंबईला किंवा आखाती देशांत गेलेल्या माणसांच्या कुलपाखाली आहेत. जोडप्याला फार काही लागत नाही. स्वच्छ न्हाणीघर, खिडकीला पडदा, आतून लागणारी कडी, ताजे जेवण आणि नको त्या चौकशा न करणारा यजमान एवढे पुरते. राज्य सरकारच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना घरमालकांसाठीच आहे. तिची माहिती घ्यावी आणि नोंदणी करून रीतसर धंदा करावा. पण दुसऱ्याला विश्रांती विकण्याआधी स्वतः एकदा ती घेऊन पाहावी. पाहुण्याला काय हवे असते, ते तेव्हाच कळेल.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, मशीनला आपण तेल घालतो, मागाची दुरुस्ती करतो, दुकानाला रंग देतो. ज्या दोन माणसांवर हा सारा कारोबार उभा आहे, त्यांच्या देखभालीचा खर्च मात्र आपल्या वहीत सापडत नाही. आज रात्री गल्ला मिटवताना पहिले तीस रुपये बाजूला काढा आणि कॅलेंडरवर तीन दिवसांभोवती खूण करा. तारीख कोणती, हे मात्र एकट्याने ठरवू नका. तिला विचारा. कदाचित इतक्या वर्षांत ते तिला पहिल्यांदाच कोणी विचारत असेल.