टाइल्स निवडायला दोन दिवस, ढाळ मात्र अंदाजाने! बाथरूमच्या पाईपला नेमका किती उतार हवा?

नवीन घर बांधताना बाथरूमच्या टाइल्सचा रंग सगळे घर मिळून ठरवते. नळ कोणता, गिझर किती लिटरचा, यावरही चर्चा होते. पण त्या टाइल्सखालून जाणाऱ्या पाईपला ढाळ किती दिला, हे विचारणारा क्वचितच भेटतो. ‘गवंडी बघतोय’ म्हणून विषय संपतो. पुढे आंघोळीचे पाणी पायाशी तुंबू लागले, वास येऊ लागला, की मग शोधाशोध सुरू होते. तोवर दोष फरशीखाली गाडलेला असतो. नळ बदलता येतो. ढाळ बदलायचा तर फरशी फोडावी लागते. म्हणूनच पाईप झाकण्याआधी ढाळ मोजून घेणे ही घरमालकाने घालायची अट असली पाहिजे.

कोडोलीत हा प्रश्न का वाढतोय?

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणा खोऱ्यातील मोठे गाव. या ऊसपट्ट्यातील जुन्या घरांत न्हाणी बहुधा परड्याच्या बाजूला असे. पाणी चार पावलांत बाहेर पडून केळीला, अळूला जाई. ढाळ चुकला तरी तो उघड्यावर दिसे आणि खराट्याने काम भागे. आता त्याच जागांवर स्लॅबची घरे उभी राहत आहेत. बाथरूम खोलीला लागून आत आले आणि गटारापर्यंतचा पाईप 20-25 फुटांचा झाला. त्यात दारासमोरचा रस्ता दर वेळी नव्या थराने उंच होतो, गटारही वर येते. घराचे जोते मात्र आहे तिथेच राहते.

पाणीही वाढले आहे. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे पाच जणांच्या घरात 275 लिटर. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होते, असे अभियंते धरतात. हे 220 लिटर रोज कुठून आणि कसे बाहेर जाणार, हे घराचा नकाशा काढतानाच ठरायला हवे.

नेमका ढाळ किती?

गवंड्यांच्या भाषेत उत्तर सोपे आहे : फुटाला दोन सूत. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे दर फुटाला पाव इंच. 24 फुटांच्या पाईपला 48 सूत, अर्थात 6 इंच उतार लागतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार पाईप स्वतःच साफ राहण्यासाठी पाण्याचा वेग सेकंदाला किमान 0.75 मीटर हवा. 100 मिलिमीटर व्यासाच्या पाईपला त्यासाठी 57 फुटांत 1 फूट ढाळ लागतो. हा हिशेब फुटाला पावणेदोन सुतांच्या आसपास जातो. त्यामुळे दोन सूत धरले की चिंता नको.

कमी पडले तर? आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी 1889 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार पाण्याचा वेग ढाळाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पाईप तेवढाच भरून वाहत असेल, तर दोन सुतांऐवजी अर्धा सूत ढाळ मिळाल्यास वेग निम्म्यावर येतो. मग साबणाचा मेण आणि केस तळाशी बसू लागतात.

जास्त ढाळ म्हणजे जास्त चांगले, असेही नाही. ‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द आपल्याच न्हाणीवरून देशभर गेला. या ट्रॅपमध्ये किमान 50 मिलिमीटर पाणी उभे राहायला हवे. गटाराचा वास तेच अडवते. ट्रॅपपासून पाईप फारच तिरका उतरला आणि हवेचा पाईप नसेल, तर हे पाणी ओढले जाऊ शकते. मग बाथरूम कोरडे असूनही वास येतो.

मोजायचे कसे?

चार फुटी सरळ पट्टी घ्या. उताराकडच्या टोकाखाली एक इंची ठोकळा लावा आणि पट्टी पाईपवर ठेवून वर स्पिरिट लेव्हल ठेवा. बुडबुडा मध्यभागी आला की ढाळ बरोबर दोन सूत. हे प्रत्येक तुकड्यावर करा, कारण दोन्ही टोके बरोबर असूनही मध्ये पाईपला पोट पडू शकते. विशेषतः काळ्या मातीत भर नीट धुमसलेली नसेल, तर पाईप खचतो.

मोबाइलमधील लेव्हल ॲपवर मात्र विसंबू नका. 57 ला 1 हा ढाळ म्हणजे जवळपास 1 अंश. पूर्ण अंशच दाखवणारे ॲप अर्ध्या अंशालाही ‘1’ म्हणू शकते आणि दीड अंशाच्या जवळ गेल्यावरही ‘1’च म्हणते. फोनचा खरा उपयोग फोटोसाठी. टेप लावून पाईपचे फोटो काढून ठेवा. पुढे दुरुस्तीला तेच नकाशाचे काम करतील.

हिशेब नेहमी गटाराच्या तळापासून मागे करा. तळाची उंची, त्यात पाईपचा ढाळ, मग ट्रॅपची उंची मिळवली की बाथरूमची फरशी किती उंच हवी ते कळते. जोत्याचे काम त्यानंतर.

गवंड्याला दोष देऊन काय होणार?

काम चौरस फुटावर ठरते. मोजण्याच्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. मग अंदाज चालतो. त्यावर उपाय घरमालकाच्या हातात आहे. बोली ठरवतानाच ‘फुटाला दोन सूत’ लिहून घ्या आणि एक हप्ता पाईप तपासल्यानंतरच द्या. तपासणीही सोपी आहे : खालचे तोंड बंद करून पाईप पाण्याने भरा, सांधे बघा; मग तोंड उघडून पाणी झटकन निघते का ते पाहा.

जबाबदारी ग्रामपंचायतीचीही आहे. रस्ता किंवा गटार उंच करण्याआधी नवा तळ किती राहील, हे दारोदारी सांगितले पाहिजे. घरातला ढाळ कितीही नेमका असला, तरी बाहेरचे गटारच वर गेले तर पाणी उलटे घरात येणार. दोन सुतांचा हा हिशेब घरमालक, गवंडी आणि ग्रामपंचायत या तिघांनी एकत्र बसून केला, तर फरशी फोडायची वेळच येणार नाही.