आडवे शब्द, उभे शब्द आणि वगळलेले शब्द

शब्दकोडे हा निरुपद्रवी विरंगुळा आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कर्जतहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये वर्तमानपत्र एकाचे असते आणि कोडे चौघे सोडवतात. त्यात गैर काहीच नाही, मेंदूला तो चांगलाच व्यायाम आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या चौकोनांत जे शब्द बसवले जातात, ते कोणाच्या घरातले असतात?

नेहमीचे संकेत आठवून पाहा. अर्जुनाचे धनुष्य, इंद्राचा हत्ती, विष्णूचे वाहन, शंकराचे एक नाव. गांडीव, ऐरावत, गरुड हे शब्द वाचकाला ठाऊक असणारच, असे कोडे रचणारा गृहीत धरतो. मग सिद्धार्थ गौतमाच्या पुत्राचे नाव, ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेले पाक्षिक किंवा २० मार्च १९२७ रोजी ज्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते तळे, हे ‘सर्वांना ठाऊक’ असलेल्या यादीत कितीदा येते? पुराणातले शब्द कोड्यात नकोत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तेही माहीत असावेत. परंतु एका समाजाची स्मृती म्हणजे सामान्य ज्ञान आणि दुसऱ्याची स्मृती म्हणजे ‘त्यांचा विषय’, ही वाटणी कोणी केली?

वास्तविक शब्दकोडे हा खेळ बाहेरून आलेला आहे. आर्थर विन या पत्रकाराने रचलेले पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले गेले. पुढे इंग्लंडमध्ये त्याला कूट संकेतांचे वळण मिळाले. तिथे संकेताचे दोन भाग असतात. एक भाग सरळ अर्थ सांगतो, दुसरा शब्दाची फोड करतो, आणि दोन्ही वाटा एकाच उत्तराला मिळतात. बहुतेक मराठी कोडी मात्र समानार्थी शब्दाच्या पुढे गेली नाहीत. मराठीत एका चौकोनात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे इंग्रजीसारखी सुट्या अक्षरांची उलटापालट करता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण फोड, श्लेष, उलटे वाचन, काना काढणे हे सारे मराठीत उत्तम जमते.

आणि ते जमवले कोणी? ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनीच! कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्र रात्र समोरासमोर उभे राहून सवाल-जवाब करीत. भेदिक शाहिरी म्हणजे दुसरे काय? सवालाचे कूट टाकायचे आणि समोरच्या फडाने ते फोडायचे. तमाशाच्या फडांत महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी हीच हजरजबाबी भाषा जिवंत ठेवली. शब्दांशी खेळणे ही कोणा एका आळीची मिरासदारी नाही. हा वारसा आपलाही आहे.

म्हणून आमच्या कर्जत-खालापूरच्या मातीतलेच काही संकेत आम्ही मांडतो. कंसात अक्षरसंख्या आहे.

‘देणेकरी ज्यात बुडतो, त्यातला काना काढा, स्टेशन येईल (३)’. कर्जात, काना गेला की कर्जत. ‘अंगावर घालतात, डोंगरात कोरतात (२)’. लेणे. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. कण्हाचा शिष्य बलक याचे नाव तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. ‘साप टाकतो, खैर देतो (२)’. कात. खैराचा कात काढण्याच्या धंद्यावरूनच कातकरी हे नाव पडले. ‘वीट डोक्यावर घ्यायला सांगणारी आगाऊ रक्कम (३)’. उचल. हे उत्तर हसत हसत लिहिता येत नाही. वीटभट्टीवर जाण्यासाठी आगाऊ पैसे घेतलेले कातकरी कुटुंब ते पैसे फिटेपर्यंत कसे राबते, हे या दोन तालुक्यांत कोणाला सांगायला नको. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली, शब्द मात्र अजून चालतो.

जिल्ह्यातच थोडे पुढे चला. ‘रुचीपुढे कवाड, महाडचे तळे (४)’. चवदार. ‘बोलता न येणाऱ्यांचा पुढारी (५)’. मूकनायक. ‘नावाप्रमाणे वागत नाही, कधी जात नाही (२)’. जात.

कोणी म्हणेल, करमणुकीतही जात कशाला आणता? आम्ही ती आणलेली नाही, आहे ती दाखवली. शिवाय हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. पोलीस भरती असो, तलाठी भरती असो वा लोकसेवा आयोगाची परीक्षा, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्द, म्हणी आणि वाक्प्रचारांवर गुण मिळतात. एका-दोन गुणांनी नोकरी जाते. ज्या घरात प्रमाण मराठीचे शब्द सहज कानावर पडतात, तिथला मुलगा शर्यतीत आधीच चार पावले पुढे असतो. ठाकूरवाडीतल्या मुलीला झाडांची, माशांची, पावसाची जी नावे येतात, ती मात्र शब्दसंपत्तीत धरली जात नाहीत. मग ती मुलगी स्वतःलाच ‘ढ’ समजू लागते. नुकसान तिथे होते.

बाबासाहेबांनी पाली भाषेचा शब्दकोश तयार केला होता. तो त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या व्यापातल्या माणसाने शब्दांसाठी वेळ काढला, कारण शब्द ज्याच्या हाती, इतिहास त्याच्या हाती, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तेव्हा बांधवांनो, छापलेली कोडी जरूर सोडवा, पण तिथेच थांबू नका. येत्या जयंतीला कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीच्या विहारांत मुलांकडून शब्दकोडी रचून घ्या. आजीकडून शब्द आणा, वाडीवरून शब्द आणा. आपल्या वर्तमानपत्रांनीही त्यांना जागा द्यावी.

शेवटचा एक संकेत देतो: ‘उलटी केली की तामस होते (३)’. समता. अक्षरे तीच आहेत. ती कोणत्या बाजूने वाचायची, हे ठरवणे आता आपल्या हाती आहे.