कोरा अहवाल आणि खरी हकीकत

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागावरची लांबलचक पाळी, चौघा-पाचजणांची एक खोली आणि दिवाळीला व लग्नसराईत गावची वाट, असा त्यांचा जीवनक्रम असतो. यांपैकी कोणास एचआयव्हीची बाधा झाली, तर शहरातील न्यू सिव्हिल हॉस्पिटलच्या उपचारकेंद्रात त्याला औषध विनामूल्य मिळते. ही सरकारी योजना देशात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि अनेक विझत चाललेल्या संसारांना तिने पुन्हा उजेड दिला.

समजा, अशा एका गृहस्थाच्या रक्तात विषाणूंची संख्या पुन्हा वाढू लागली. ती मिलिलिटरमागे १,००० च्या वर गेली, की प्रथम गोळ्या नियमित घेण्याविषयी त्याला समजावून सांगतात आणि काही महिन्यांनी संख्या पुन्हा मोजतात. तरीही ती उतरली नाही, तर विषाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे शोधणारी तपासणी तज्ज्ञ सुचवू शकतात. ही तपासणी सर्वांचीच होत नाही. आणि झाली, तरी तिचा अहवाल वाचणे हे वाटते तितके सोपे नाही.

अहवालात 'एम१८४व्ही' अशी अक्षरे असतात. विषाणूच्या एका प्रथिनातील १८४ व्या जागेवरचा घटक बदलला आहे, एवढाच त्यांचा अर्थ. या बदलामुळे लॅमिव्हुडीन हे औषध बरेचसे निष्प्रभ होते; पण त्याच बदलाने विषाणूची वाढ मंदावते आणि टेनोफोव्हिर त्याच्यावर अधिक चालते. म्हणून डॉक्टर पुष्कळदा लॅमिव्हुडीन चालूच ठेवतात. हरलेले औषध का देता, असे विचारणाऱ्या नातेवाइकांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

पण त्याहून फसवा असतो तो कोरा अहवाल. त्यात कोणताच बदल आढळत नाही आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. वाचकहो, येथेच सावध राहिले पाहिजे. औषध बंद असेल, तर मूळचा विषाणू पुन्हा बळावतो आणि बदललेला विषाणू पेशींत दडून राहतो. एकूण विषाणूंत त्याचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी असेल, तर नेहमीच्या तपासणीत तो सहसा दिसत नाही. म्हणून रक्त द्यावयाचे ते औषध चालू असताना, किंवा बंद झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत.

कोऱ्या अहवालाचा दुसरा अर्थ असा, की औषध रक्तात पोहोचतच नसावे. सध्या देण्यात येणाऱ्या डोल्युटेग्रॅव्हिरयुक्त गोळीला विषाणू सहजासहजी हटवू शकत नाही. तेव्हा दोष बहुधा चुकलेल्या गोळ्यांचा असतो; कधी त्यांच्याबरोबरच घेतलेल्या आम्लपित्ताच्या वा लोहाच्या गोळ्यांचा, तर कधी क्षयावरील रिफॅम्पिसीनचा. अशा वेळी औषध बदलण्यापेक्षा कारण दूर करणे हाच खरा उपचार.

म्हणून अहवालाशेजारी रुग्णाची हकीकत मांडावी लागते. पूर्वी कोणती औषधे घेतली, ती केव्हा सुटली, गावी किती दिवस राहिलो, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. जुने औषधपुस्तक जपावे. जुना अहवालही फेकू नये. त्यात दिसलेला बदल नव्या अहवालात दिसला नाही, तरी तो असल्याचे धरूनच तज्ज्ञ औषध ठरवतात. गावी जाण्यापूर्वी केंद्राला कळवून पुरेशा गोळ्या बरोबर घ्याव्यात.

आता एक प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो. माणूस गोळी का चुकवितो? खोलीतल्या सोबत्यांसमोर डबी उघडण्याची त्याला भीती वाटते. गावी सासू विचारील, वहिनी पाहील, म्हणून डबी सुरतेतच राहते. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदा त्याच्या संमतीशिवाय हे गुपित फोडू देत नाही आणि या कारणावरून नोकरीत भेदभाव करण्यासही मनाई करतो. परंतु कायद्याचा हात घराच्या माजघरापर्यंत पोहोचत नाही. तेथे आपणच पोहोचावयाचे असते. ज्या घरात गोळीची डबी पाण्याच्या तांब्याशेजारी उघडपणे ठेवता येते, त्या घरातील माणूस डॉक्टरांना खरी हकीकत सांगतो. आणि ती खरी असेल, तरच अहवालाचा अर्थ लागतो.