रानवाट आणि मदतीचे अंतर

निसर्गाच्या बाबतीत शहापूर-बेळगावकर भाग्यवान आहेत. खानापूर मागे टाकले की सह्याद्रीचे घनदाट अरण्य सुरू होते. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले भीमगड, १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान असलेले व आता काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेले अणशी, आणि घाटाखालचे गोव्यातील मोले राष्ट्रीय उद्यान ही सारी आपल्या शेजारचीच. त्यामुळे मित्रमंडळींनी एकत्र जमून रविवारी रानात जाण्याची प्रथा वाढत आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. बैठ्या जीवनाचे परिणाम दवाखान्यात रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना चार माणसे स्वखुशीने चालू लागली याचा आनंद व्हावा, हे स्वाभाविक आहे.

तथापि या सहली आखताना एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. धबधबा किती दूर आहे हे सर्वांना ठाऊक असते. मदत किती दूर आहे याचा विचार कोणी करीत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये भीमगडच्या अरण्यातील आमगावच्या एका आजारी महिलेला भर पावसात खांद्यावरून वाहून रस्त्यापर्यंत आणावे लागले. वाहून आणणारे गावकरी होते. त्यांना पायवाट न् पायवाट माहीत होती. त्यांची ही अवस्था, तर शहरातून आलेल्या आठ-दहा नवख्यांपैकी एकाचा पाय मुरगळला किंवा छातीत कळ आली, तर काय होईल? म्हणून माझे स्पष्ट मत असे की, नवशिक्यांची सहल किलोमीटरवर न मोजता मदतीपर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळावर मोजावी.

दुसरा मुद्दा मैत्रीचा. मैत्री हे सहलीचे बळ आहे, तसाच तिचा धोकाही. चाळिशी-पन्नाशीतले वर्गमित्र एकत्र आले की प्रत्येकजण पुन्हा विशीत जातो. धाप लागल्याचे सांगितले तर थट्टा होईल, या भीतीने मधुमेही मित्र गोळी घेतल्याचे व न्याहारी चुकल्याचे बोलत नाही. रक्तदाबाचा रुग्ण गप्प राहून चढत राहतो. ‘चल रे, काही होत नाही’ हे वाक्य प्रेमाचे असले तरी वैद्यकीय सल्ला नव्हे. सर्वांत मंद चालणाऱ्याला पुढे ठेवावे, त्याच्या गतीने सर्वांनी चालावे, आणि निम्मे पाणी संपण्यापूर्वीच परत फिरावे. माथा न गाठता परतणे यात कमीपणा काही नाही.

पहिली पायरी तर घराजवळच आहे. येळ्ळूरचा राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ डोंगर दोन-चार वेळा चढून पाहावा. मगच अरण्याचे नाव काढावे. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान येथे वनखात्याची परवानगी लागते, ती रीतसर घ्यावी आणि स्थानिक वाटाड्या सोबत न्यावा. भर पावसाळा नवख्यांसाठी नाही. २०२३ च्या जुलैमध्ये दूधसागरला जाण्यासाठी रेल्वेमार्गावरून चालणाऱ्यांची एवढी गर्दी उसळली की त्यांना अडवावे लागले. पावसाळा सरल्यानंतरचे दिवस अधिक योग्य.

मात्र त्या दिवसांचीही एक सावधगिरी आहे, आणि ती विशेषतः आपल्या व्यवसायबंधूंसाठी. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप पुढे सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांतही पोहोचला. हे दोन्ही तालुके आपल्या घाटाला लागूनच आहेत. गोचिडींमुळे पसरणाऱ्या या रोगाचा हंगाम साधारणतः डिसेंबर ते मे असा असतो. रानात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी, पाचोळ्यावर बसू नये, आणि घरी येताच अंगावर गोचीड नाही ना हे पाहून गरम पाण्याने स्नान करावे. सहलीनंतर आठवडाभरात तीव्र ताप व अंगदुखी घेऊन रुग्ण आला, तर ‘रानात गेला होता काय?’ हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. सर्पदंशाच्या बाबतीतही आवळपट्टी, चिरा देणे असले उपाय टाळून, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच मार्ग. त्यामुळे जवळचे असे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच ठाऊक हवे.

आपण रुग्णांना ‘चालत जा’ असे सहज सांगतो. कोठे, किती आणि कोणाबरोबर, हेही सांगण्याची जबाबदारी आपलीच आहे. सहलीला निघण्यापूर्वी मित्रांपैकी कोणी सल्ला विचारण्यास आला, तर त्याचा रक्तदाब तपासण्यास पाच मिनिटे पुरतात. अरण्य आपल्या शेजारी पिढ्यान् पिढ्या उभे आहे. पुढच्या रविवारीही ते तेथेच असेल. गेलेले सर्वजण हसतखेळत घरी परतले, तरच ती सहल यशस्वी म्हणावी.