मालिका संपली, तरी नाव चाललं : प्राजक्ता माळींच्या धंद्यात आपल्या बचत गटांसाठी काय आहे?

बोरी बुद्रुक (ता. जुन्नर) : 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली की आपल्याकडंही घरातली कामं थांबतात. त्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालिका प्राजक्ता माळी दागिनेही विकतात, हे मोबाईल हातात असलेल्या बहुतेक बायकांना ठाऊक आहे. पण त्यांना धंद्यात का उतरावं लागलं असेल, याचा विचार फारसा होत नाही.

पुण्याच्या ललित कला केंद्रात शिकलेल्या माळी घराघरात पोचल्या त्या 2013 मध्ये सुरू झालेल्या 'जुळून येती रेशीमगाठी'तल्या मेघनामुळं. 2015 मध्ये ती मालिका संपली. मालिकेतलं काम म्हणजे एका अर्थानं रोजंदारीच. जेवढे दिवस शूटिंग, तेवढ्या दिवसांचे पैसे, आणि तेही बहुतेक वेळा तीन महिन्यांनी हातात पडतात. आपल्याकडं डेअरीत दूध घालणाऱ्याचा पगार दहा दिवसांनी तरी होतो! मालिका बंद झाली की कमाई बंद. चेहरा मात्र लोकांच्या लक्षात राहतो, आणि धंद्याचं भांडवल खरं तर तेच.

नुसत्या प्रसिद्धीवर म्हातारपण निघत नाही, हे जुन्नर तालुक्याला कुणी वेगळं सांगायला नको. नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, त्यांच्या नावानं आज सरकार पुरस्कार देतं. पण त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. 2002 मध्ये त्या गेल्या.

जानेवारी 2023 मध्ये माळी यांनी 'प्राजक्तराज' हा दागिन्यांचा ब्रँड सुरू केला. त्यात त्यांनी नवीन फॅशनच्या मागं न जाता जुने मराठी दागिने निवडले. म्हाळसा, तुळजा, सोनसळा अशी प्रकारांची नावंही आपल्या ओळखीची ठेवली. पुढं 11 ऑक्टोबर 2024 ला आलेल्या 'फुलवंती' सिनेमाच्या त्या नायिका होत्याच, निर्मातीही झाल्या. तेजस्विनी पंडित आणि अभिज्ञा भावे यांचं 'तेजाज्ञा', निवेदिता सराफ यांचं 'हंसगामिनी', प्रिया बापट आणि त्यांच्या बहिणीचं 'सावेंची' हे साड्या-कपड्यांचे ब्रँडही याच वाटेनं आले.

आता आपल्या गावांकडं बघू. बोरीत काय किंवा साळवाडीत, बेल्ह्यात काय, बचत गटाच्या बायका पापड, कुरडया, मसाले करतात. माल चांगला असतो. अडतं कुठं? तर पिशवीवर नाव नसतं. बाजारात गिऱ्हाईक एकदा घेतं, पुन्हा घ्यायचं म्हटलं तर कुणाकडून घेतलं तेच आठवत नाही. टीव्हीवरचा चेहरा आपल्याकडं नाही हे खरं, पण 'अमकीच्या हातचा मसाला' अशी ओळख पाच-दहा गावांत असतेच. ती पिशवीवर छापायला फार खर्च येत नाही. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या सभासदाला खेळत्या भांडवलासाठी 40 हजारांपर्यंत रक्कम आणि यंत्रांच्या खर्चावर 35 टक्के अनुदान अशी तरतूद आहे. योजना सध्या कुठवर चालू आहे, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

पण नावावर धंदा उभा केला की त्या नावाला जपावंही लागतं. डिसेंबर 2024 मध्ये बीडच्या राजकारणावर बोलताना आमदार सुरेश धस यांनी माळींचं नाव घेतलं. संबंध नसताना नाव ओढलं, म्हणून माळी यांनी पत्रकार परिषद घेतली, महिला आयोगाकडं तक्रार केली, मुख्यमंत्र्यांना भेटल्या. धस यांनी दिलगिरी व्यक्त केली. यात राजकारण किती होतं ते बाजूला ठेवू. पुरुष धंद्यात पुढं गेला की त्याच्या हिशोबाची चर्चा होते, बाई गेली की तिच्या चारित्र्याची. गटाची अध्यक्ष पंचायत समितीत चार वेळा गेली, माल घेऊन पुण्याच्या प्रदर्शनात दोन रात्री राहिली, की पारावर काय बोललं जातं हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. माळींच्या मागं कॅमेरे होते, वकील होते. गावातल्या बाईमागं उभं राहायला घरचे आणि गटातल्या बायकाच असतात, आणि बरेच गट बंद पडतात ते कर्जापेक्षा या बोलण्यापायी.