दुकानाच्या चाव्या दिल्यानंतर

चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेला माणूस एके दिवशी मुलाच्या हाती चाव्या देतो. घरचे म्हणतात, "बाबा, आता आराम करा." मुंबईच्या घाटकोपर-मुलुंडपासून आपल्या बाजारपेठेपर्यंत हे वाक्य सारखेच. पण आराम पंधरा दिवस पुरतो. मग झोप उडते, चिडचिड वाढते, अन्नावरची वासना जाते. आम्ही डॉक्टर सांगतो, मीठ कमी करा, फिरायला जा. ते बरोबरच आहे. पण सकाळी उठून करायचे काय, याचे उत्तर गोळीत नसते.

अशा माणसाने वास्तववादी चित्रकला शिकावी, असे माझे मत आहे. म्हणजे समोरचा तांब्या, फळ किंवा चेहरा जसा दिसतो तसा उतरवायला शिकणे. व्यापाऱ्याला ही विद्या मानवेल, कारण हिच्यातही ताळा जुळावा लागतो. नाक थोडे खाली आले की चेहरा दुसऱ्याचाच होतो. मात्र 'वेळ जावा' म्हणून नव्हे, तर शिक्षकापुढे बसून, चुका मान्य करून शिकावे.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. जे. जे. कला विद्यालय १८५७ साली सुरू झाले. तिथेच शिकलेले चित्रकार वासुदेव कामत यांना २००६ साली अमेरिकेतील व्यक्तिचित्रकारांच्या संस्थेचा ड्रेपर पुरस्कार मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. साठीनंतर शिकणाऱ्याला हे यश मिळेलच असे नाही. पण घरचे माणूस निवांत न्याहाळणे त्यालाही जमेल. धंद्याच्या धबडग्यात तेच तर राहून गेलेले असते.

आता काळजी. आधी डोळे तपासा. मोतीबिंदूने रंग पिवळट दिसू लागतात, निळा मंदावतो. फ्रेंच चित्रकार मोने यांनाही हा त्रास झाला आणि १९२३ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, त्यांची शस्त्रक्रिया झाली. वाचनाच्या चष्म्याने हातभर अंतरावरचे चित्र नीट दिसेलच असे नाही. ते अंतर मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. दुभागी चष्म्यातून पाहताना मान मागे टाकावी लागते आणि ती दुखू लागते. हात कापत असेल तर चित्रकार हात टेकवायला काठी वापरतात, त्यात कमीपणा नाही. पण कंप नव्याने सुरू झाला असेल तर आधी तपासून घ्या.

पहिले काही महिने पेन्सिल आणि कोळसाच बरा. पुढे तैलरंग घेतलेत तर खिडक्या उघड्या ठेवा. टर्पेंटाइनच्या वाफेने डोके दुखते, दमेकऱ्यांना त्रास होतो. काही रंगांत शिसे किंवा कॅडमियम असते. ब्रश तोंडात धरू नये, रंगवताना चहा-फराळ करू नये, नंतर हात साबणाने धुवावेत. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा आपोआप तापून पेटू शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात टाकाव्यात. नातवंडांच्या हाती यातले काही लागू देऊ नये.

दर अर्ध्या तासाने उठावे, चार पावले मागे जाऊन चित्र पाहावे. गुडघ्यांना आणि चित्रालाही ते हिताचे.

घरच्यांना एकच सांगणे. "या वयात हे काय?" असे म्हणू नका, खोटी वाहवाही करू नका. खिडकीजवळची जागा द्या आणि बाबांनी बोलावले तर अर्धा तास समोर बसा.